बिनतारीचा व्यापार : मक्ता आणि बटई

दौंड म्हटले की मनमाडकडे फुटणारा लोहमार्ग आणि फलाटावरचा खोळंबा एवढेच आपणांपैकी बहुतेकांना आठवते; आणि खडकी म्हटले की दारूगोळ्याचा कारखाना. परंतु एके काळी ही दोन गावे हिंदुस्थान आणि इंग्लंड यांच्यामधील संभाषणाचे कान आणि तोंड होती, हे पुण्यातही फार थोड्यांस ठाऊक असेल. इ. स. १९२७ साली ‘इंडियन रेडिओ टेलिग्राफ कंपनी’ने विलायतेशी थेट बिनतारी तारव्यवहार सुरू केला. जाणारा संदेश खडकीच्या केंद्रावरून आकाशात सोडावयाचा आणि येणारा संदेश दौंडच्या केंद्रावर टिपावयाचा, अशी वाटणी होती. दोन्ही केंद्रे वेगवेगळ्या गावी ठेवण्याचे कारण साधे आहे. शेजारी कोणी मोठ्याने ओरडत असता दुरून येणारी कुजबुज ऐकू येत नाही.

मोबाईलच्या धंद्यावर बोलावयाचे ठरवून आम्ही जवळजवळ शंभर वर्षे मागे का जात आहोत, अशी शंका श्रोत्यांस येईल. कारण असे की, खिशातल्या फोनच्या धंद्यात १९९५ पासून जे जे घडले ते आपणांस अगदी नवे वाटते. पण त्याची एक रंगीत तालीम खडकी-दौंडच्या काळी होऊन गेलेली आहे. जुन्यांचा कोणताही बोजा डोक्यावर न घेता एक नवा गडी बाजारात उतरतो, दर पाडतो, जुन्यांना जेरीस आणतो. मग उरलेसुरले एकमेकांच्या आश्रयाला जातात, आणि अखेरीस सरकार दारात येऊन उभे राहते. या साऱ्या धामधुमीत गिऱ्हाइकाच्या पदरात काय पडते, एवढीच विचारणा आम्हांस येथे करावयाची आहे.

मुंबईस विलायतेची समुद्रतार आली ती १८७० साली. ‘ग्रेट ईस्टर्न’ या त्या काळच्या सर्वांत मोठ्या आगबोटीने मुंबई ते एडन अशी तार समुद्राच्या तळाशी अंथरली. या उद्योगाचा सूत्रधार जॉन पेंडर हा मूळचा कापडाचा व्यापारी. त्याच्या ईस्टर्न टेलिग्राफ कंपनीने पुढे अर्धशतकाहून अधिक काळ पूर्वेकडील समुद्रतारांवर जवळजवळ एकछत्री राज्य केले. पैसे शब्दागणिक घेतले जात, आणि शब्दाची किंमत अशी असे की, मुंबईचा कापूस-व्यापारी लिव्हरपूलला तार करताना क्षेमकुशल विचारण्याच्या भानगडीत पडत नसे. त्यातूनच सांकेतिक शब्दांचे कोश निघाले. एक निरर्थक दिसणारा शब्द धाडला की पलीकडचा गुमास्ता कोश उघडून त्यातून ‘अमुक गाठी अमुक भावाने घ्या’ असे अख्खे वाक्य काढी. महागाईवर गिऱ्हाइकाने काढलेली ही तोड श्रोत्यांनी लक्षात ठेवावी. तिची एक गरीब नातलग आपणांस पुढे भेटणार आहे.

मार्कोनीची बिनतारी विद्या आली तेव्हा या समुद्रतारवाल्यांना प्रथम फारसे भय वाटले नाही. आरंभीच्या काळात दूरच्या पल्ल्यासाठी लांब लहरी वापरीत. त्यांना उंच मनोरे लागत आणि वीज अतोनात खर्च होई. परंतु १९२० नंतरच्या काही वर्षांत मार्कोनीच्या लोकांना असे आढळून आले की, आखूड लहरी दिव्यामागच्या परावर्तकाने प्रकाश एकवटावा तशा एकाच दिशेस एकवटल्या तर थोड्याशा विजेत पृथ्वीच्या दुसऱ्या टोकापर्यंत पोहोचतात. यालाच ‘बीम’ पद्धती म्हणत. १९२६ मध्ये कॅनडाशी, १९२७ मध्ये ऑस्ट्रेलिया, दक्षिण आफ्रिका आणि हिंदुस्थान यांच्याशी विलायतेची बीमची वाट खुली झाली. समुद्रतळाशी हजारो मैल तार पुरण्याचा खर्च नाही, ती तुटली तर दुरुस्तीला जहाज धाडणे नाही. दर साहजिकच उतरले. जुन्या कंपन्यांनाही ते उतरवावे लागले. आणि तरीसुद्धा जेथे जेथे बीम आले तेथे तेथे त्यांचे निम्म्याच्या आसपास काम थोड्याच महिन्यांत या नव्या वाटेने जाऊ लागले.

खरा इतिहास येथून पुढे आहे. १९२८ च्या जानेवारीत लंडनमध्ये साम्राज्यातील सरकारांची एक परिषद बसली. तिच्यापुढे प्रश्न होता तो समुद्रतार-कंपन्या बुडू द्यावयाच्या की काय, हा. कंपन्यांनी धंदा आवरता घेण्याची भाषा सुरू केली होती. सरकारची अडचण निराळी होती. बिनतारी संदेश वाटेत कोणीही ऐकू शकतो, समुद्रतळाची तार तशी ऐकता येत नाही. १९१४ मध्ये युद्ध जाहीर होताच इंग्रजांनी जर्मनीच्या समुद्रतारा तोडून टाकल्या होत्या. त्यामुळे स्वतःच्या तारा शाबूत असण्याची किंमत त्यांच्याइतकी कोणास कळली असेल? तेव्हा निकाल असा झाला की, स्वस्त बिनतारी आणि महाग समुद्रतार यांना एकाच जोखडाला जुंपावे, म्हणजे एकीच्या नफ्यावर दुसरी जगेल. १९२९ मध्ये दोन्हींची मिळून एक प्रचंड कंपनी झाली. १९३४ मध्ये तिनेच ‘केबल अँड वायरलेस’ हे नाव घेतले. इकडे १९३२ मध्ये त्याच नमुन्यावर ‘इंडियन रेडिओ अँड केबल कम्युनिकेशन्स कंपनी’ स्थापन झाली आणि खडकी-दौंडची बिनतारी व मुंबई-मद्रासच्या समुद्रतारा एका छपराखाली आल्या. १९३३ मध्ये याच कंपनीने विलायतेशी बिनतारी दूरध्वनीही सुरू केला. पाच वर्षे चाललेली स्पर्धा संपली.

या निर्णयाला काही आधार नव्हता असे आम्ही म्हणत नाही. साम्राज्याच्या दृष्टीने तो बिनचूक होता. परंतु मुंबईच्या कापूस-व्यापाऱ्याला कोणी विचारले नव्हते. जी स्वस्ताई शास्त्राने त्याच्या दारात आणून ठेवली होती, तिचा मोठा हिस्सा जुन्या तारांच्या पालनपोषणासाठी परस्पर वळता करण्यात आला. पुढे १ जानेवारी १९४७ रोजी हिंदुस्थान सरकारने ही कंपनीच ताब्यात घेतली आणि ‘ओव्हरसीज कम्युनिकेशन्स सर्व्हिस’ हे सरकारी खाते जन्मास आले. म्हणजे खासगी साहस, दरयुद्ध, विलीनीकरण आणि सरकारीकरण हे चारही अंक वीस वर्षांच्या आत उरकले.

मधल्या चाळीस-पंचेचाळीस वर्षांविषयी आम्ही फार बोलणार नाही. आपण सर्वांनी ती भोगलेली आहेत. टेलिफोनसाठी अर्ज करावयाचा आणि मुलगी उपवर होईपर्यंत वाट पाहावयाची. लग्नपत्रिकेवर शेजाऱ्याचा नंबर छापून त्यापुढे कंसात ‘पी. पी.’ अशी दोन अक्षरे घालण्याची पद्धत होती. शेजाऱ्याच्या घरच्या बोलावण्याला धावत जाणे हा तेव्हाच्या मुलांचा नित्याचा व्यायाम होता. १९८० नंतर गल्लोगल्ली पिवळ्या पाट्यांची एस.टी.डी.ची दुकाने निघाली आणि रात्री दर उतरल्यावर तेथे रांगा लागू लागल्या. याच काळात, १९८६ मध्ये, मुंबई-दिल्लीच्या टेलिफोनांसाठी महानगर टेलिफोन निगम आणि परदेशी संदेशांसाठी विदेश संचार निगम या कंपन्या सरकारने आपल्याच खात्यांतून वेगळ्या काढल्या. खडकी-दौंडचा वारसा या दुसरीकडे गेला, आणि २००२ मध्ये सरकारने तिचे नियंत्रण टाटांच्या हवाली केले.

१९९४ चे राष्ट्रीय दूरसंचार धोरण आले आणि खासगी कंपन्यांना पुन्हा दार उघडले. मुंबई, दिल्ली, कलकत्ता, मद्रास या चार शहरांत प्रत्येकी दोन कंपन्या. उरलेल्या देशाची परिमंडळे पाडून तेथेही प्रत्येकी दोन. ३१ जुलै १९९५ रोजी पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कलकत्त्याहून दिल्लीस दूरसंचारमंत्री सुखराम यांच्याशी मोबाईलवरून बोलून या युगाचा नारळ फोडला. दर मिनिटाला सोळा रुपयांच्या घरात होता. आणि बोलणाऱ्याप्रमाणे ऐकणाऱ्यालाही पैसे पडत. घंटी वाजली की आनंद होण्याऐवजी पोटात गोळा उठावा, असे ते यंत्र होते.

परिमंडळांचे परवाने चढत्या बोलीने दिले गेले. येथे आम्हांस दुसऱ्या बाजीरावाच्या कारकीर्दीची आठवण होते. त्या काळी मामलती सर्वांत अधिक बोली बोलणाऱ्यास मक्त्याने देत. मग मामलेदार ठरलेली रक्कम उभी करण्यासाठी रयतेस पिळी, आणि तेवढ्यानेही भागले नाही तर परागंदा होई. १९९५ मधील बोली पाहिल्या तर तोच उन्माद दिसतो. घरगुती टेलिफोनच्या परवान्यांसाठी एकाच कंपनीने नऊ परिमंडळांत मिळून सुमारे ८५ हजार कोटी रुपयांच्या बोली लावल्या होत्या! मोबाईलच्या बोली इतक्या अचाट नव्हत्या, पण त्याही हिशेबाबाहेरच्या होत्या. सोळा रुपये मिनिट देणारे गिऱ्हाईक किती मिळणार? दोन-तीन वर्षांतच कंपन्यांचे हप्ते थकले. आपल्या राज्यात मुंबई वगळून उरलेला महाराष्ट्र आणि गोवा यांचे एक परिमंडळ होते. त्यात एक परवाना बी.पी.एल.कडे आणि दुसरा बिर्ला व अमेरिकेची ए. टी. अँड टी. यांच्या भागीदारीकडे गेला. पुढे या भागीदारीत टाटा सामील झाले, तेव्हा तिघांच्या आद्याक्षरांवरून लोकांनी तिला ‘बटाटा’ म्हणावयास सुरुवात केली. ‘आयडिया’ हे नाव २००२ मध्ये आले ते या बटाट्यालाच.

१९९९ मध्ये सरकारने नवे धोरण आणले आणि मक्ता सोडून बटई पत्करली. ठराविक रकमेऐवजी कंपनीने आपल्या उत्पन्नातील काही टक्के सरकारला द्यावयाचे. ज्याला शेतीची माहिती आहे त्याला यातील मेख तत्काळ कळेल. बटईच्या जमिनीत भांडण होते ते धान्यावरून नव्हे; कडबा वाट्यात धरावयाचा की नाही, यावरून होते. सरकार म्हणू लागले की, व्याज, लाभांश, भंगार विकून आलेले पैसे हेही उत्पन्नच होय. कंपन्या म्हणू लागल्या, फोनच्या धंद्यातून येते तेवढेच उत्पन्न. हा कडब्याचा दावा पुढे वीस वर्षे चालावयाचा होता. परंतु तूर्त मानेवरचे ओझे उतरले आणि दर खाली येऊ लागले.

आणि मग तो नवा गडी आला. २००२ च्या डिसेंबरात रिलायन्सने आपली सेवा जाहीर केली. पोस्टकार्डापेक्षा फोन स्वस्त व्हावा, हे धीरूभाई अंबानी यांचे बोलणे तेव्हा सर्वतोमुखी झाले. पोस्टकार्ड पन्नास पैशांना होते आणि रिलायन्सचा मिनिटाचा दर चाळीस पैसे. मोबाईलवाल्यांनी आकांत केला की, ही कंपनी घरगुती टेलिफोनच्या स्वस्त परवान्यावर आली असून मागील दाराने आमच्या अंगणात शिरत आहे. तक्रारीत तथ्य होते. २००३ च्या नोव्हेंबरात सरकारने दोन्ही परवाने एकत्र करून वाद मिटवला. आलेल्यास घराबाहेर काढण्याऐवजी दरवाजाच रुंद केला. त्याच वर्षी जुलैमध्ये ५०१ रुपये भरा आणि फोनयंत्र घरी न्या, अशी योजना निघाली आणि दुकानांपुढे गर्दी उसळली. मेपासून येणारा फोन फुकट झाला होता. २००४ मध्ये मोबाईलधारकांची संख्या तारेच्या टेलिफोनांहून अधिक झाली. भाजीवाला, प्लंबर, रिक्षावाला यांच्या हातात फोन आला तो या दोन-तीन वर्षांत, आणि त्यांच्या मिळकतीत त्यामुळे जी भर पडली ती कोणत्याही विकासयोजनेच्या अहवालात आली नसली तरी आपण डोळ्यांनी पाहिली आहे.

येथेच ती गरीब नातलग भेटते. ‘मिस कॉल दे’ हे वाक्य आपल्या भाषेत याच काळी रुजले. एक घंटी म्हणजे ‘पोहोचलो’, दोन म्हणजे ‘खाली ये’. फोन उचलावयाचा नाही, पैसे पडावयाचे नाहीत. लिव्हरपूलला एका शब्दात वाक्य धाडणाऱ्या पेढीवाल्याची विद्या मराठवाड्यातून पुण्यास शिकावयास आलेल्या पोराने एकही शब्द न वापरता साधली! व्यापाराच्या इतिहासात कंपन्यांच्या हुशारीची नोंद पुष्कळ होते. गिऱ्हाइकाच्या हुशारीचीही व्हावी.

२००८ ते २०१२ या काळाची कथा वर्तमानपत्रांनी इतकी उगाळली आहे की, आम्ही ती दोन वाक्यांत सांगतो. २००८ च्या आरंभी सरकारने १२२ नवे परवाने २००१ च्याच भावाने वाटले आणि २ फेब्रुवारी २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते सर्व रद्द केले. फौजदारी खटल्यातील आरोपी मात्र २०१७ च्या डिसेंबरात विशेष न्यायालयातून निर्दोष सुटले. आम्हांस त्यापेक्षा महत्त्वाची वाटते ती २०१० ची गोष्ट. एकेका परिमंडळात तेव्हा दहा-बारा कंपन्या झाल्या होत्या, सेकंदाला एक पैसा इथपर्यंत दर उतरला होता, आणि नेमक्या त्याच वर्षी सरकारने लहरींचे पट्टे लिलावात काढून एक लाख कोटींहून अधिक रुपये वसूल केले. बटई तर चालूच होती. तिच्या जोडीला पुन्हा मक्ताही आला. कंपन्यांनी हे पैसे कर्ज काढून भरले. एका हाताने दर पाडावयाचा आणि दुसऱ्या हाताने लिलावात बोली चढवावयाची, असा खेळ ज्याच्या गाठीस खोल थैली आहे त्यानेच खेळावा.

अशी थैली असणारा बाहेर तयारीत होता. त्याच २०१० च्या लिलावात ‘इन्फोटेल’ नावाच्या एका लहान कंपनीने सबंध देशासाठी इंटरनेटच्या लहरी घेतल्या, आणि निकाल लागला त्याच दिवशी मुकेश अंबानी यांच्या रिलायन्स इंडस्ट्रीजने ती कंपनी विकत घेतल्याचे जाहीर केले. सहा वर्षे यंत्रे उभी करण्यात गेली. ५ सप्टेंबर २०१६ रोजी ‘जिओ’ बाजारात उतरली, ती बोलणे कायमचे फुकट आणि इंटरनेट त्या डिसेंबरअखेरपर्यंत फुकट असे सांगत. तोवर एक जीबीला दोनशे रुपयांहून अधिक मोजणारा माणूस काही महिन्यांत दिवसाला एक जीबी वापरू लागला. १९२७ शी तुलना करून पाहावी. बीमला समुद्रतळाची तार पोसावयाची नव्हती. जिओला जुन्या पद्धतीची यंत्रे, जुनी कर्जे, जुने गिऱ्हाईक यांपैकी काहीच पोसावयाचे नव्हते. बोलणे हीसुद्धा तिच्या दृष्टीने इंटरनेटवरून जाणारी एक पुडी होती.

पुढची पडझड दोन वर्षांत झाली. टेलिनॉर आणि टाटा यांनी आपले मोबाईलचे धंदे एअरटेलच्या स्वाधीन केले. ज्या कंपनीने पोस्टकार्डाहून स्वस्त फोन आणला, ती आता धाकट्या बंधूंची ‘रिलायन्स कम्युनिकेशन्स’ होती. तिने २०१७ च्या अखेरीस बोलण्याची सेवा बंद केली. एअरसेल २०१८ मध्ये दिवाळखोरीच्या दारी गेली. ३१ ऑगस्ट २०१८ रोजी व्होडाफोन आणि आयडिया एक झाल्या. मुंबईत असा एखादा गृहस्थ सहज सापडेल, की ज्याने आरंभी घेतलेला नंबर आजतागायत बदललेला नाही, पण त्याच्या बिलावरची पाटी मॅक्सटच, ऑरेंज, हच, व्होडाफोन आणि व्ही अशी बदलत गेली. डझनभर कंपन्यांच्या जागी तीन खासगी आणि एक सरकारी बी.एस.एन.एल. एवढ्या उरल्या.

विलीनीकरणाची शाई वाळते न वाळते तोच कडब्याच्या दाव्याचा निकाल लागला. २४ ऑक्टोबर २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सरकारची व्याख्या मान्य केली. मूळ बाकीवर व्याज, दंड आणि दंडावर व्याज चढून कंपन्यांच्या डोक्यावर हजारो कोटी रुपयांचे देणे बसले. व्होडाफोन-आयडियाला ते पेलवेना. तेव्हा २०२३ मध्ये सरकारने थकलेल्या देण्याच्या काही भागाचे शेअर करून घेतले, आणि २०२५ मध्ये आणखी घेतले. सरकारचा वाटा सुमारे ४९ टक्के झाला. १९४७ मध्ये सरकारने कंपनी ठरवून घेतली होती. या वेळी ती थकबाकीपोटी सावकाराच्या गळ्यात पडावी तशी पडली. दोन्ही वेळा नाटकाचा शेवटचा प्रवेश मात्र एकाच रंगमंचावर झाला.

आता गिऱ्हाइकाचे काय? प्रामाणिकपणे सांगावयाचे तर १९२९ पेक्षा त्याला या वेळी अधिक मिळाले. इंटरनेटची स्वस्ताई पुष्कळशी टिकली. ज्याला रोज तासन्‌तास पडद्यावर चित्रे पाहावयाची आहेत, त्याला आजही आपल्या देशात जगातील पुष्कळ देशांपेक्षा थोडे पैसे पडतात. परंतु स्पर्धक कमी झाल्यावर डिसेंबर २०१९, २०२१ ची अखेर आणि जुलै २०२४ अशा तीन वेळा सर्व खासगी कंपन्यांनी एकापाठोपाठ एक दर वाढवले. आणि या वाढीचा भार सर्वांवर सारखा पडला नाही. जो थोडे वापरतो, त्याच्यावर तो अधिक पडला.

आमच्या वाड्यातील एका काकूंचे उदाहरण देतो. २००६ च्या सुमारास ९९९ रुपये एकदाच भरून येणारा फोन ‘आजीवन’ फुकट, अशा योजना निघाल्या होत्या. काकूंनी एका कंपनीची ती घेतली. आजीवन म्हणजे कोणाचे जीवन, हा प्रश्न तेव्हा विचारावयाचा सुचला नाही. २०१८ च्या अखेरीस कंपन्यांनी नियम केला, की नंबर जिवंत ठेवावयाचा तर दर अठ्ठावीस दिवसांनी किमान पस्तीस रुपये भरलेच पाहिजेत. ती किमान रक्कम पुढे वाढत गेली. महिना अठ्ठावीस दिवसांचा धरल्यामुळे वर्षाचे महिने तेरा होतात, ही गोष्ट नियामक प्राधिकरणाने २०२२ मध्ये कंपन्यांच्या कानी घातली आणि महिनाभराची निदान एक योजना ठेवण्यास फर्मावले. २०२४ च्या डिसेंबरात ज्यांना इंटरनेट नको त्यांच्यासाठी केवळ बोलण्याच्या योजना काढण्यासही सांगितले. त्या योजना निघाल्या खऱ्या, पण काकूंच्या हिशेबात त्याने विशेष फरक पडला नाही. ‘अहो, मी फोन करते कुठे? मुलीचा येतो तेवढा घेते,’ असे त्यांचे म्हणणे. येणाऱ्या फोनचे पैसे २००३ मध्ये रद्द झाले, असे आम्ही त्यांना सांगून पाहिले. त्यांनी आमच्याकडे दयेने पाहिले. त्यांच्या स्वयंपाकघरातील कालनिर्णयावर एकादशी, चतुर्थी आणि सिलिंडर यांच्या खुणांशेजारी आता लाल पेन्सिलीने आणखी एक खूण असते, आणि त्या दिवशी त्या कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन रोख पैसे भरून येतात.